झाडीपट्टीची शेती आणि 'तंत्रज्ञान पोचले नाही' हा सिद्धान्त

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या शेतीवर एकदा तरी चर्चा होते आणि ती ठरलेल्या वाटेने जाते. चंद्रपूर-गडचिरोली हे जंगलाचे जिल्हे, तिथली धानशेती पावसाच्या भरवशावर, आधुनिक तंत्रज्ञान तिथवर पोचलेच नाही, धरणे वनकायद्याने अडवली, म्हणून शेतकरी मागे राहिला. 1984 साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीचा अहवाल आला, विकासातली तूट सांगणारा 'अनुशेष' हा शब्द घरोघरी गेला आणि या मांडणीला आकड्यांचे बळ मिळाले. तेव्हापासून सभागृहात, अग्रलेखात आणि तालुक्याच्या चहाटपरीवर ती सारख्याच ठामपणे ऐकायला मिळते.

हिच्या विरुद्ध टोकाला, बहुतेक शहरांत राहणारे, एक दुसरे मत आहे. तंत्रज्ञान पोचले नाही हेच बरे झाले, असे ते म्हणते. तिथली शेती अजून निर्मळ आहे, रसायनांनी बाटलेली नाही, तिला तसेच राहू द्यावे. दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात. पण दोघांचे गृहीतक एकच आहे: या मुलखात मुळात तंत्रज्ञान नव्हते, आणि जे आले किंवा येईल ते बाहेरून, वरून, प्रयोगशाळेतून किंवा कारखान्यातून. माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे. ते इतिहासाला धरून नाही. शेतीतल्या यंत्रांचा आणि बियाण्यांचा निसर्गावर नेमका काय परिणाम झाला, हे समजून घेण्याची वाटही ते बंद करते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. तो दुबळा करून पाडणे सोपे असते. गडचिरोलीच्या दोन तृतीयांशांहून अधिक भूभागावर जंगल आहे. 1980 च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तुलतुली, कारवाफा यांसारखे प्रकल्प कागदावरच अडकून पडले, हे खरे आहे. पाऊस भरपूर पडतो, पण जुलै-ऑगस्टात. धान निसवायला आणि दाणा भरायला पाणी लागते ते सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात. हस्त नक्षत्र कोरडे गेले की पोटरीत आलेले पीक डोळ्यांदेखत वाळते. त्या वेळी एक-दोन पाणी मिळाले तर पीक हाती लागते, नाहीतर तणस. म्हणजे सिंचन हवे ही मागणी शंभर टक्के खरी आहे. वाद आहे तो पुढच्या वाक्याशी: हे पाणी द्यायचे तंत्र इथे कधी नव्हतेच, या वाक्याशी.

मेजर लूसी स्मिथ यांनी 1869 साली चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्ह्याच्या जमीनबंदोबस्ताचा अहवाल लिहिला. गोंड राजांच्या काळातली प्रथा त्यात नोंदली आहे: जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन. रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ 1916 साली आला. वैनगंगेच्या खोऱ्यातला कोहळी समाज तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात तरबेज असल्याचे त्यात म्हटले आहे. आजच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव मोजले गेले. सरकारी कागदांत ते 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. लहान बोड्या वेगळ्याच.

हे तलाव म्हणजे चार खड्डे खणून पाणी साठवण्याचा प्रकार नव्हता. उताराचा अंदाज घेऊन एकाखाली एक असे ते बांधले जात. वरच्याचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्यात जाई. पाण्याचे येवे ज्या जंगलातून येत ते जंगल राखले जाई, कारण ते तोडले तर दोन पावसाळ्यांत गाळ तलावात येतो, हे ठाऊक होते. पाळ मातीची, पण तिची जाडी, तिच्यावरची झाडे आणि पाणी सोडण्याची जागा यांत पिढ्यांचा अनुभव होता. धानाला पाटाने पाणी जाई. धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर लाखोडी, जवस, पोपट असे कठाण होई, आणि तलाव आटू लागला की त्याचा गाळ बैलगाडीने शेतात जाई. तलावात मासोळी, कमळकंद, शिंगाडा; काठावर पाणपक्षी. पाणी कोणाच्या बांधीत आधी, कोणाच्या नंतर, हे ठरलेले असे आणि पाळ फुटली तर कोणी यायचे हेही ठरलेले असे. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन दोन्ही ज्यात आहे, त्याला तंत्रज्ञान म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? पंपाला वीज लागते म्हणून तो तंत्रज्ञान, आणि तलावाला वीज लागत नाही म्हणून तो परंपरा, ही वर्गवारी मला तरी कळत नाही.

मग झाले काय? 1950 साली मध्य प्रदेश विधिमंडळाने मालगुजारी, म्हणजे गावमालकी, नष्ट करणारा कायदा केला. 31 मार्च 1951 पासून तो लागू झाला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. कायदा न्याय्यच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण जमीन कुळांकडे आणि तलाव सरकारकडे अशी वाटणी झाली. पुढे शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेच्या वाट्याला गेले. मालक गेला आणि त्याच्या जागी जबाबदार म्हणून कोणी उभा राहिला नाही. पाणी घेणारे गावात, दुरुस्तीचा अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणी, पैसा मुंबईत. येवे रस्त्यांनी तोडले, पोटात अतिक्रमणे झाली, गाळ चढला, काठावर बेशरमाची रानेच्या राने माजली. हे सगळे 'तंत्रज्ञान न पोचल्याने' झालेले नाही. हाताशी असलेले तंत्रज्ञान हातचे गेल्याने झाले.

अनुशेषाच्या भाषेला हे दिसत नाही, कारण ती 'निर्माण झालेली सिंचनक्षमता' मोजते. निर्माण होऊन नंतर गमावलेली क्षमता मोजण्याचा रकाना तिच्यात नाही. मामा तलावांतले किती आज पूर्ण भरतात, किती निम्मे, आणि किती फक्त सातबाऱ्यावर उरले, हा तक्ता अनुशेषाच्या तक्त्याशेजारी ठेवला तर वादाचे रूपच बदलेल.

इथे निसर्गप्रेमी पक्ष खूश होईल. त्याला फार खूश होऊ देणे बरोबर नाही. गोंड राजांची ती प्रथा जंगल तोडायला उत्तेजन देणारी होती, हे विसरता येत नाही. प्रत्येक तलावाने काही रान बुडवले आणि त्याच्याखालच्या बांध्यांनी आणखी काही. कोहळ्यांचा ऊस हे तेव्हाचे नगदी, पाणीखाऊ पीक होते. पाळ घालायला आणि गाळ उपसायला माणसे लागत, आणि त्यांतले बरेच श्रम मालगुजाराच्या दबावाने, वेठीने मिळत. तलावाची शिस्त टिकली होती ती विषमतेच्या जोरावर. म्हणून मामा तलावांचा गौरव करताना मालगुजाराचा वाडा परत बांधायचा नाही. प्रश्न असा आहे की शिस्त राहील पण धाक जाईल, अशी रचना उभी करता येते का? 1951 नंतर धाक गेला हे चांगले झाले. शिस्तही त्याच्याबरोबर गेली, आणि तिच्या जागी काय ठेवायचे याचा विचार कोणी केला नाही.

त्याऐवजी काय आले ते पाहू. 1988 साली वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्दची पायाभरणी झाली. अंदाज 372 कोटींचा होता. खर्च पुढे कित्येक पटींनी वाढून हजारो कोटींवर गेला. अडीच लाख हेक्टर भिजवायचे उद्दिष्ट होते. उजवा कालवा ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या चंद्रपूरच्या धानपट्ट्याकडे येतो, आणि मौज अशी की त्याचे पाणी पुढे नेण्यासाठी इंग्रजी अमदानीतल्या असोलामेंढा तलावाचाच आधार घ्यावा लागला. जुन्याला नाकारून नवे उभे राहत नाही, हे अभियंत्यांना कळते. घोषणा करणाऱ्यांना कळत नाही. पण पर्यावरणाचा मुद्दा याहून मोठा आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीच्या जलाशयात येते. धरणाच्या पाण्याचा रंग आणि त्यावरची जलपर्णी यांविषयी वर्षानुवर्षे ओरड आहे. गावच्या तलावात जे काही येई ते गावच्याच रानातून येई आणि त्याचा दोष गावालाच लागे. मोठ्या धरणात शंभर किलोमीटरवरच्या शहराची घाण येते आणि ती रोखायचा अधिकार बांधीवर उभ्या शेतकऱ्याला नसतो.

सिरोंचाचे उदाहरण दोन ओळींत सांगता येते. 2019 मध्ये तेलंगणाच्या कालेश्वरम प्रकल्पातले मेडीगड्डा बंधारा गोदावरीवर उभा राहिला. पाणी उपसून नेले जाई ते पलीकडच्या काठाला. पाणफुगवटा चढे तो सिरोंचा तालुक्याच्या शेतात. ऑक्टोबर 2023 मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले. देशातल्या अत्याधुनिक उपसा सिंचन प्रकल्पांपैकी एक गडचिरोलीच्या सीमेवर येऊन उभा आहे. 'पोचले नाही' असे त्याला कसे म्हणायचे?

आता बियाण्याकडे वळतो, कारण पूर्वपक्षाला सर्वांत मोठा धक्का इथे बसतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, तिसरीपर्यंत शिकलेले, दीडेक एकराचे धनी. 1983 साली त्यांच्या बांधीत पटेल-3 हे वाण होते. ते जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. जे. पी. पटेल यांनी काढलेले. त्यात काही लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध लावल्या, रानडुकरांपासून काट्यांचे कुंपण घालून जपल्या आणि निवड करीत करीत पाचेक वर्षांत वाण स्थिर केले. 1990 च्या सुमाराला तो धान तळोधीच्या बाजारात गेला तेव्हा व्यापाऱ्याने त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले: एचएमटी. 1994 मध्ये सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने बियाणे नेले आणि 1998 साली त्या केंद्राच्या विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' नावाने वाण प्रसारित केले. मूळ निवड कोणाची, यावर पुढे बराच वाद झाला. खोब्रागडे यांनी त्यानंतरही विजय नांदेड, नांदेड हिरा, दीपक रत्न, डीआरके अशी वाणे काढली. 2005 साली राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. 3 जून 2018 रोजी गडचिरोलीजवळ शोधग्राममध्ये ते गेले, तेव्हा घरची परिस्थिती ओढगस्तीचीच होती.

ही कहाणी सहसा दुःखाची किंवा अभिमानाची म्हणून सांगितली जाते. मी ती पुरावा म्हणून सांगतो आहे. एचएमटी हे देशी बियाणे नाही. विद्यापीठातल्या वाणातून निवडलेले, खताला प्रतिसाद देणारे, बाजाराला आवडणारे आधुनिक वाण आहे. आणि ते प्रयोगशाळेतून आलेले नाही. म्हणजे 'आधुनिक म्हणजे बाहेरचे' हे समीकरण जिथे मोडते ती जागा पुण्यात किंवा फिलिपिन्समध्ये नाही, नागभीड तालुक्यात आहे. निसर्गप्रेमी पक्षासाठीही यात एक कडू घोट आहे. शेतकऱ्याच्या हातून निघाले म्हणून एचएमटी निरुपद्रवी ठरत नाही. ते इतके यशस्वी झाले की त्याने आणि त्याच्यासारख्या बारीक वाणांनी लुचई, दुबराज, चिन्नोर या जुन्या वाणांना बांधीच्या कडेला लोटले. एकेकाळी एका गावात जितकी वाणे दिसत तितकी आज तालुक्यात दिसत नाहीत. हा पर्यावरणाचा तोटाच आहे, आणि तो कोण्या कंपनीने केलेला नाही.

मग तोटा कशाने होतो? माझे उत्तर असे आहे की शेतीतले कोणतेही तंत्र दोन भागांचे असते: एक वस्तू, आणि दुसरी ती वापरताना सगळ्यांनी मिळून पाळायची शिस्त. तलावाला जशी पाणीवाटप आणि गाळ उपसण्याची, तशी बियाण्याला, औषधाला आणि कुंपणालाही असते. आपल्याकडे वस्तू विकली गेली आणि शिस्त वाटेत गळाली. हे नुसते मत राहू नये म्हणून तीन प्रकरणे पाहू.

पहिले धानाचे. तपकिरी तुडतुडा हा कीटक पूर्वीही होता. पण युरियाने हिरवागार, दाट झालेला धान आणि त्यावर पुन्हा पुन्हा मारलेले कीटकनाशक या दोहोंनी तो पिसाळतो, कारण औषधाने त्याला खाणारे कोळी आणि ढेकूण आधी मरतात. हे कोण्या सेंद्रियवाल्याचे मत नाही, भातशास्त्रातला सर्वमान्य निष्कर्ष आहे. इंडोनेशियात त्याने इतका कहर केला की 1986 साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी धानावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. आपल्याकडे 2017 च्या हंगामात पूर्व विदर्भात तुडतुड्याने उभा धान जाळल्यासारखा केला आणि डिसेंबरात सरकारला बोंडअळीबरोबर तुडतुड्याचीही मदत जाहीर करावी लागली. एका बांधीतली फवारणी शेजारच्या बांधीचा तुडतुडा वाढवते. उपाय एकट्याने करण्याचा नाही. रोवणी एका वेळी करणे, दर काही ओळींनंतर पट्टा सोडणे, फवारणीआधी बांधीत उतरून कीड मोजणे, हे गावाने मिळून करायचे काम आहे. डबा मात्र प्रत्येकाला वेगळा विकला जातो. त्या डब्यांनी बांधीतले खेकडे आणि मासोळ्या कमी केल्या आणि तणनाशकाने धुऱ्यावरची तरोटा, कुरडूसारखी भाजीही कमी केली. गरिबाच्या ताटातली ही घट कोणत्याच उत्पादनाच्या आकड्यात येत नाही.

दुसरे प्रकरण जिल्ह्याच्या पश्चिमेचे. चंद्रपूर म्हणजे नुसती झाडीपट्टी नव्हे. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना हा काळ्या मातीचा, कापूस-सोयाबीनचा पट्टा आहे, आणि तिथे तंत्रज्ञान पोचले नाही असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट यायचे. ते शेताच्या कडेने लावायचे, म्हणजे तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक अळ्यांच्या पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरणार नाही, अशी ही रचना. शास्त्र चोख होते. पण जे पाकीट लावून आपलाच कापूस अळीला खायला द्यायचा, आणि फायदा व्हायचा तो साऱ्या तालुक्याचा, ते एकटा शेतकरी कशाला लावील? बहुतेकांनी ते फेकले, यात मूर्खपणा नव्हता, हिशेब होता. गुलाबी बोंडअळी प्रतिकारक झाली, 2017 मध्ये कापूस हातचा गेला, आणि त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. आता तेलंगणाच्या बाजूने तणनाशक सहन करणारे बेकायदा बियाणे येते. लोक त्याला चोरबीटी म्हणतात. त्याच्याबरोबर तर कसलीच शिस्त येत नाही, कारण चोरीच्या मालाला माहितीपत्रक नसते. बीटीच्या विरोधकांनी जनुकाला दोष दिला, समर्थकांनी शेतकऱ्याला. सामाईक नियम लागणारी गोष्ट सुट्या पाकिटात विकली गेली, हा खरा दोष दोघांच्याही नजरेतून सुटला.

तिसरे प्रकरण कुंपणाचे, आणि जंगलाच्या जिल्ह्यांत ते सर्वांत कडवट आहे. राज्यातले जवळपास निम्मे वाघ एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. रानडुक्कर, रोही, चितळ पीक खातात. पूर्वी त्यासाठी मचाणावर जागल असे. पाळीपाळीने माणसे रात्र काढीत, एकमेकांना हाका देत. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे आता रात्री शेतात जाणे म्हणजे जिवाशी खेळ. जागल मोडली आणि तार आली. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. सरकारही त्याला अनुदान देते. पण ते महाग, बॅटरी सांभाळावी लागते, तारेखालचे गवत कापावे लागते. खांबावरून आकडा टाकून थेट सोडलेली वीज फुकट पडते आणि ती वाघालाही मारते, बैलालाही, आणि पहाटे चुकून तिकडे गेलेल्या माणसालाही. शिवाय एकट्याचे कुंपण झाले की डुकरांचा कळप शेजाऱ्याकडे वळतो. साऱ्या शिवाराला मिळून एक कुंपण घातले तर खांब कमी लागतात, निगा वाटून घेता येते आणि जनावरांची वाटही मोकळी ठेवता येते. यंत्र एकच; एकट्याने लावले तर त्याचे परिणाम वेगळे, गावाने लावले तर वेगळे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला वजनदार आहे. आधुनिक वाणांनी आणि खतांनी एकरी उत्पादन वाढले नसते तर तेवढ्याच धान्यासाठी कितीतरी जास्त जंगल तोडावे लागले असते. म्हणजे तंत्रज्ञान हेच जंगलाचे खरे राखणदार. हरितक्रांतीचे प्रणेते नॉर्मन बोरलॉग हे आयुष्यभर सांगत राहिले आणि देशाच्या पातळीवर त्यात तथ्य आहे. पण देशाच्या पातळीवरचे सत्य तालुक्यात जसेच्या तसे उतरत नाही. उत्पादन वाढलेल्या वरोरा-राजुरा पट्ट्यात एक एकर तरी जंगलाला परत मिळाले काय? उलट जमीन जितकी किफायतशीर, तितकी तिची ओढ जास्त. आणि या जिल्ह्यांतले जंगल प्रामुख्याने भुकेल्या शेतकऱ्याने खाल्ले असेही नाही. कोळसा खाणी, सिमेंट, वीज, धरणे आणि 1974 नंतर वनविकास महामंडळाने मिश्र जंगल काढून लावलेला साग यांचा वाटा मोठा आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले, आणि हा बहुमान ट्रॅक्टरमुळे मिळाला नाही. शेतीच्या पर्यावरणावर बोलताना शेतकऱ्याच्या डोक्यावर बसणारी राख विसरायची नसते.

दुसरा आक्षेप असा की 'सामाईक शिस्त' हे पुस्तकी बोलणे आहे. गावे फुटली आहेत, तरुण तेलंगणात मिरची तोडायला जातात, मजूर मिळत नाही म्हणूनच तर हार्वेस्टर येतो. हार्वेस्टरबद्दल मी भांडणार नाही. मजूर गेला म्हणून तो आला, त्याच्यामुळे मजूर गेला नाही. तणस कमी झाली, गुरे कमी झाली, शेणखत कमी झाले, धसकट जाळले जाऊ लागले, हे सगळे मान्य; पण बाईच्या पाठीचे काम कमी झाले हेही मान्य करायला हवे. शिस्त पुस्तकी आहे, हे मात्र मला पटत नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरात मनीष राजनकर आणि त्यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांबरोबर तलावांतले बेशरम काढले, उन्हाळ्यात पोट नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या आणि गेलेल्या मासोळ्या परत येऊ लागल्या. तिथे ट्रॅक्टरही वापरला गेला. तलाव खोल करायचा म्हणून जेसीबीने तळ खरवडला तर मासोळीची वीण ज्या उथळ, गवताळ काठावर होते तोच नाहीसा होतो. तेच यंत्र कुठे आणि किती चालवायचे हे ठरवणारा तलाव ओळखणारा असला तर कामाला येते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि तो सांभाळून दाखवला. जंगल सांभाळता येते तर तलाव का नाही?

शिवाय कायद्याची वाट मोकळी आहे, आणि ती वापरली जात नाही ही माझी खरी तक्रार आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायला सांगितले. 2006 च्या वनहक्क कायद्यात जलसाठ्यांतली मासोळी आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. गडचिरोलीचा फार मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेंदू आणि बांबूसाठी ग्रामसभांनी हे कायदे हिमतीने वापरले, तलावासाठी फारसे वापरले नाहीत. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या नागभीड, ब्रह्मपुरी, मूल, सावली या तालुक्यांना, म्हणजे जिथे मामा तलाव दाट आहेत तिथे, पेसाचा अधिकारच नाही. तो देण्यासाठी कोणते धरण बांधावे लागत नाही, कोणते जंगल बुडवावे लागत नाही. विधिमंडळाने एक दुरुस्ती करायची आहे. तोवर ज्या ग्रामसभांना अधिकार आहे त्यांनी येत्या उन्हाळ्यात, पाणी आटून पोट उघडे पडेल तेव्हा, आपल्या तलावाची मोजणी स्वतः करावी: येवे किती, अतिक्रमण किती, गाळ किती, पाणी कोणाला पोचते आणि कोणाला नाही. आणि ठराव करून तो जिल्हा परिषदेला पाठवावा.